सात नंबरच्या गाडीची रेघ

सात नंबरची गाडी तळ्याच्या पलीकडच्या वळणात शिरली आणि हेन्रिके टीटयेन हातातली कॉफी प्यायची विसरली.

उत्तरेकडच्या त्या मुलखात तळं गोठून दोन महिने झाले होते. बर्फ चांगला गुडघाभर जाड, आणि त्यावर आखलेला गोल रस्ता आरशासारखा गुळगुळीत. असल्या जागी टर्बोच्या गाडीचे सगळे दोष उघडे पडतात. पाय दाबावा तर ढिम्म, आणि आपण आशा सोडली की एकदम उसळी. ती उसळी चुकीच्या क्षणी आली की गाडी भिंगरीसारखी गरगरते.

त्या मधल्या उशिरामागे हेन्रिकेने सहा वर्षं घातली होती. टर्बोचं चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने फिरतं, आणि झोत जोर धरेपर्यंत गाडी ताटकळते. हेन्रिकेने त्या चाकाला सुपारीएवढी विजेची मोटर जोडली होती. झोताची वाट बघायचंच कारण नको. प्रयोगशाळेत जमलं होतं, पण प्रयोगशाळेत बर्फ नसतो.

आज निकाल होता. जर्मनीहून खास आलेले मुख्य अभियंता विटकांप तिच्या शेजारीच उभे होते. एक गाडी नव्या टर्बोची, एक जुन्या टर्बोची. इंजिन तेच, आणि दोन्हींना काळ्यापांढऱ्या नक्षीचं तेच सोंग चढवलेलं, म्हणजे चोरून फोटो काढणाऱ्यांना काही कळू नये. कुठली गाडी कुठली ते आत बसणाऱ्यालाच कळणार होतं, आणि निकाल लागेपर्यंत त्याने तोंड उघडायचं नव्हतं. ही अट हेन्रिकेनेच घातली होती. आपल्या लेकराचे लाड केले असं उद्या कोणी म्हणायला नको. विटकांपांनी त्यावर आपली अट चढवली होती: जिंकेल ती कारखान्यात जाईल, हरेल तिचं काम आजपासून बंद. हेन्रिकेने बिनदिक्कत सही केली होती.

चालवणारा एव्हर्ट लुंडमार्क इथलाच, बासष्ट वर्षांचा. तरुणपणी जंगलातून लाकडाचे ट्रक हाकले, हिवाळ्यात तळ्यावर शर्यती केल्या. विटकांपांनाही तो अरे-तुरे करायचा. त्या मुलखात राजा सोडला तर सगळ्यांनाच अरे-तुरे, त्यामुळे विटकांपांनी दुसऱ्या दिवशीच रागवायचं सोडून दिलं होतं. काल हेन्रिके त्याला म्हणाली होती, "नव्या गाडीत तुला काही कसब दाखवावं लागणार नाही. नुसता पाय दाब."

"बघू," एव्हर्ट म्हणाला होता. "माझे पाय माझं ऐकत नाहीत. सवयीचे गुलाम आहेत."

आधी चार नंबरची गाडी फिरून गेली होती. संगणकाच्या पडद्यावर दोनच रेघा उमटत होत्या. एक उजव्या पायाची, एक चाकांपर्यंत पोचलेल्या जोराची. चार नंबरला प्रत्येक वळणानंतर पायाची रेघ वर गेली तरी जोराची मागेच रेंगाळली. सेकंदभर, कधी त्याहून जास्त. दोनदा गाडीची शेपटी सुटली. जुनं ते जुनंच, हेन्रिके मनात म्हणाली, आणि तिला त्या गाडीची थोडी कीवही आली.

आणि आता ही सात नंबरची. बर्फाचा भुगा उडवत ती वळणात आडवी झाली. वळणभर तिचे मागचे ब्रेकचे लाल दिवे विझले नाहीत. वय झालं, जपून चालवतोय, हेन्रिकेला वाटलं. पण वळण सरळ झालं तशी गाडी कुणी हात धरून ओढल्यासारखी निघाली. ना धक्का, ना हिसका.

तिने पडद्याकडे पाहिलं. दोन रेघा एकमेकींवर बसल्या होत्या. पुढच्या वळणाला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. पाय आणि जोर यांच्यात बोट शिरायला जागा नव्हती. सहा वर्षं तिने ही रेघ स्वप्नात पाहिली होती, पण स्वप्नातही ती इतकी सुंदर नव्हती.

विटकांप तसे कौतुक करणारे नव्हते. तेही पडद्यावर वाकून बघत होते.

"माझी तीस वर्षं गेली या धंद्यात," शेवटी ते हळूच म्हणाले. "असं कधी पाहिलं नव्हतं."

त्यांनी तिथूनच फोन लावला. सात नंबर घ्या, चार नंबरचं सगळं थांबवा, एवढंच सांगितलं आणि हेन्रिकेचा हात हातात घेऊन दाबला.

एव्हर्ट बूट झटकत आत आला. कॉफी ओतून घेतली, इथल्या रीतीप्रमाणे तिच्यात चीजचे तुकडे टाकले, आणि बाकावर बसला. निकाल कळवून झाला, आता बोल, असं विटकांपांनी त्याला सांगितलं.

"चार नंबरचीही वाईट नाही," एव्हर्ट म्हणाला. "पण फार शिस्तीची. आम्ही इथले लोक वळणात डाव्या पायाने ब्रेक धरतो आणि उजव्याने जोर देत राहतो. टर्बोचं चाक थांबतच नाही, मग वाट कशाची बघायची? पण दोन्ही पाय एकदम दाबले की हिला वाटतं, माणसाचा एक पाय चुकून पडला. लगेच इंजिनाचा गळा आवळते. ब्रेक सोडला तरी फुरंगटलेलीच."

हेन्रिकेने कप खाली ठेवला.

"आणि सात नंबर?" तिने विचारलं.

"तिला कुठे एवढी अक्कल," एव्हर्ट चमच्याने चीज शोधत म्हणाला. "जुनी गाडी ती."