सोमवार, दहाचा तास

“सर, आपकी अपनी बेटी इसी कॉलेज में पढ़ेगी क्या?”

शर्वरीने विचारलं आणि उभीच राहिली. शेजारी नुज़हतने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. पैज तिचीच. ‘पूछ के दिखा, कुल्फी मेरी तरफ़ से!’ म्हणताना तिला वाटलं होतं, ही कसली विचारते! कारण मंचावर माइक धरून उभे असलेले प्राचार्य म्हणजे शर्वरीचे बाबा होते.

सभागृहात शहरभरच्या शाळांमधल्या, नुकत्याच बारावी झालेल्या दोन-अडीचशे मुली. बाबांच्या मागे कापडी फलक: ‘नेतृत्व और परिवर्तन’. फलक जरा तोकडा पडला होता, त्यामुळे भिंतीवरच्या पानाच्या पिंका दोन्ही बाजूंनी डोकावत होत्या. बाबा नैनितालला तीन आठवड्यांचं नेतृत्व-शिबिर करून आले, तेव्हापासून कॉलेजात बदलाची नुसती धूम होती. स्टाफरूमची ‘फॅकल्टी लाउंज’ झाली. चपराशी ‘सहायक’ झाला. प्रयोगशाळेच्या नळाला पाणी तेवढं यायचं राहिलं. तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला इथे साडेचार लागतात, त्यावरही बाबांनी आत्ता पडद्यावर एक बाण दाखवला होता, वर वर जाणारा. सहायकाने प्रोजेक्टरमधली काच आधी उलटी लावली, तेव्हा तो खाली जात होता. टाळ्या दोन्ही वेळा पडल्या.

भाषणाआधी मुलींना कॉलेज हिंडवून दाखवलं होतं. फिजिक्सच्या वेळापत्रकात सोमवारी दहा वाजता, खोली नंबर सात, पुढे सुबक अक्षरात ‘प्राचार्य स्वयं’. आणि खोली सातला कुलूप. कुलपावर कोळ्याने संसार थाटलेला, चांगला दोन पिढ्यांचा. नुज़हत म्हणाली, “यार, तेरे अब्बा तो बिना दरवाज़ा खोले पढ़ाते हैं!” शर्वरी हसली. तोवर तिला हसू येत होतं.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सगळ्यांच्या वरून बघावं तसं लेकीच्या वरून बघितलं.

“बहुत अच्छा सवाल है, बेटा! बिल्कुल पढ़ेगी. इस साल का पहला फ़ॉर्म उसी का होगा. लीडरशिप घर से शुरू होती है!”

टाळ्यांनी पत्रे हादरले. प्रमुख पाहुण्यांनी उठून बाबांशी हात मिळवला.

घरी, आलमबाग मोहल्ल्यात, टेबलावर पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म भरून पडला होता. त्यावर शर्वरीचा फोटो डकवला होता, दोन वेण्यांचा. हॉस्टेल ठरलं होतं, बावीस तारखेची तिकिटं काढून झाली होती, नवी सूटकेस पलंगाखाली होती. रोज झोपायच्या आधी ती सूटकेस ओढून बाहेर काढायची, नुसतीच उघडायची आणि मिटायची. बाबा आज रागावले असते, हसले असते, अगदी ‘नहीं’ म्हणाले असते, तरी तिचं काही बिघडलं नसतं. पण ते इतके सराईत बोलले! पाढ्यात चुकलं तर रात्री जेवू न देणारा तोच आवाज, त्यात एक ठेच नाही.

हरलेल्या नुज़हतने कुल्फी दिली. शर्वरीने दोन खाल्ल्या. एवढं गुळगुळीत खोटं एका कुल्फीने खाली उतरेना.

बाबा संध्याकाळी मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पेटी घेऊन आले. पाहुण्यांनी दिलेली. आल्या आल्या कडाडले, “अक्कल गहाण टाकलीस का? चारचौघांत बापाला असले प्रश्न?”

“उत्तर छान दिलंत की,” शर्वरी म्हणाली. तिने पेटीतला एक आंबा उचलला, पुण्याचा फॉर्म पुढ्यात ओढला आणि त्याच्यावरच साल काढायला बसली.

“अगं, फॉर्म आहे तो!” आई स्वयंपाकघरातून धावली. “अहो, बघा हिला!”

“ते व्यासपीठावरचं बोलणं असतं, शर्वरी,” बाबांनी आवाज खाली आणला. “तसं बोलावं लागतं. तुला नाही कळायचं.”

“अच्छा. मग त्या अडीचशे मुलींना कसं कळणार?”

बाबांनी पेटीतला पेंढा नीट करायला घेतला.

“वेडी आहेस का तू?” आई म्हणाली. “लोकांच्या मुली आणि आपली मुलगी एक का? त्या कॉलेजात डिग्री हातात पडेपर्यंत डोक्याचे केस पिकतात, हे बाबाच रोज सांगतात ना?”

“हाँ, तो? तेच म्हणतेय मी.”

आंब्याचा रस ओघळत फोटोपर्यंत पोचला. आधी एक वेणी भिजली, मग दुसरी. शर्वरीने एकदाच पलंगाखाली पाहिलं. मग कोय चोखून साफ केली, फोटोच्या मधोमध ठेवली आणि हात कुर्त्याला पुसले.

“मी पुण्याला जाणार नाही. इथेच प्रवेश घेणार, फिजिक्सला. पहिला फॉर्म माझा, तुम्हीच सांगितलंत. सोमवारी दहाला मी पहिल्या बाकावर असेन, बाबा. तेवढं सात नंबरचं कुलूप काढून ठेवा.”