गप्प बसला तो चोर

बाबा फौजदार होते. "गप्प बसला तो चोर," हा त्यांचा कायदा घरातही चालायचा. कप फोडायची मांजर. तिला घराबाहेर काढतील म्हणून मी गप्प बसायचे आणि शिक्षा म्हणून कोपऱ्यात उभी राहायचे. मी आरोपींची वकील झाले ती त्या कोपऱ्यातच.

"चोरांची बाजू घेताना तुझी जीभ तरी कशी रेटते?" असं बाबा निवृत्तीनंतरही विचारतात.

आज कोर्टातून घरी आले, तर आई केकचा रिकामा डबा घेऊन बाबांसमोर उभी. "शुगर तीनशे आहे तुमची. कुणी खाल्ला हा?"

बाबा गप्प. मिशीला क्रीम. नजर माझ्याकडे.

काढलेला काळा कोट मी पुन्हा चढवला. "आई, आरोपीला गप्प बसायचा हक्क आहे. गप्प बसला म्हणून कुणी चोर ठरत नाही."

बाबांनी जोरात मान डोलावली, तोंडातला घास गिळला आणि म्हणाले, "मांजरीनं खाल्ला असेल."

मांजर जाऊन पंधरा वर्षं झाली होती. मी कोट उतरवला.

"माफ करा बाबा, तुमचा खटला मला घेता येणार नाही. मांजर माझी पहिली अशील."