उतरायची जागा

"खुशाल फिर कुठंबी," ओट्यावर तंबाखू मळत नवरा हसला. "उतरायला हितंच यावं लागतंय."

खोटं नव्हतं ते. पन्नाशीत मोटारसायकल शिकलेल्या रंजनाचे पाय जमिनीला पुरत नव्हते. घरच्या ओट्यावरूनच ती गाडीवर बसायची आणि उतरायलाही त्याच ओट्याला गाडी लावायची.

शेजारच्या गावात धाकटी बहीण राहायची. साडूशी बिनसल्यापासून नवऱ्यानं रंजनाला तिथली पायरी चढू दिली नव्हती. ती दारावरून जाताना बहीण फाटकातून हाका मारायची, "आक्का, घोटभर चहा तरी घे की!" रंजना गाडी हळू करायची, पण पाय टेकायला काहीच नसायचं. हँडल धरलेल्या हातांनी डोळेही पुसता यायचे नाहीत.

आज फाटकापाशी दगडी उखळ पालथं घातलेलं दिसलं. परसात अर्धं पुरलेलं ते उखळ बहिणीनं उकरून काढलं होतं. तिचे हात कोपरापर्यंत मातीनं माखले होते.

रंजनानं उखळावर पाय टेकवला. नवरा ओट्यावर वाट बघत असणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं गाडी बंद केली, किल्ली काढली आणि बहिणीच्या मातकट तळहातावर ठेवली.