भिंतीकडे तोंड केलेले स्पीकर

"चित्राचं सोडा," काका म्हणाले. "धूसर दिसलं तरी चालेल. आवाज अडखळायला नको."

दुरुस्तीवालीने कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उतरवला. वीस वर्षं ती घरोघर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करत होती. गेम खेळणाऱ्यांच्या तक्रारी तिला पाठ होत्या. चित्र अडकतं, चित्र फाटतं, चित्र मागे पडतं. आवाजासाठी मेमरी वाढवून मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

"मशीन कुणाचं?"

"मुलाचं. नऊ वर्षांपूर्वी त्यानेच जुळवलं. मागच्या आठवड्यात गेमचा नवा अपडेट आला आणि आवाज तुटायला लागला. रोज पाचला लागतं ते. आज पाचपर्यंत होईल ना?"

साडेतीन वाजले होते.

"पंधरा मिनिटांचं काम," ती म्हणाली. असं म्हटलं की काम हमखास दीड तास चालतं, हे तिला माहीत होतं. पण सवय.

आत मेमरीची चार जीबीची एकच पट्टी होती, धुळीने माखलेली. तिच्या जागी आठ-आठच्या दोन बसवायच्या होत्या. मशीन इतकं जुनं, की त्याच्या पट्ट्या आता नव्या मिळत नाहीत. तिने चार दुकानं पालथी घालून वापरलेल्या आणल्या होत्या.

टेबलावरचे स्पीकर भिंतीला टेकलेले होते, तोंडं भिंतीकडे करून. बाजूला हेडफोन पडले होते, वेष्टनसुद्धा न काढलेले.

"हेडफोन लावत नाही का तो?"

"नाही."

तिने स्पीकर सरळ केले. काकांनी ते मुकाट्याने पुन्हा भिंतीकडे वळवले. लहर एकेकाची, म्हणून ती कामाला लागली.

भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज आला. "अहो, उठला का तो?"

"उठेल पाचला," काकांनी ओरडून सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माझी बायको. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला. अंथरुणालाच खिळून आहे."

दुरुस्तीवालीने पट्ट्या बसवल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला. तीन लांब बीप वाजले आणि पडदा काळाच राहिला.

तिने पट्ट्या काढल्या, खोडरबराने त्यांचे पितळी दात घासले, पुन्हा बसवल्या. तीन बीप. खाचा बदलल्या. तीन बीप. सव्वाचार झाले, साडेचार झाले.

"आज नाहीच जमलं तर उद्या सकाळी..."

"उद्या नको." काकांचा आवाज चढला नाही, पण ते तिच्या अगदी जवळ येऊन उभे राहिले. "आठवडाभर तिला सांगतोय, त्याला ताप आहे म्हणून. काल ती म्हणाली, डॉक्टरला घरी बोलवा. आज आवाज आला नाही तर काय सांगू?"

"मुलाला ताप नाहीये?"

"तो गेला. सतरा महिने झाले. ही हॉस्पिटलात होती तेव्हाच, मोटरसायकलवरून पडून. डॉक्टर म्हणाले, हिला सांगू नका, सोसणार नाही." मघाशी अपडेटचं सांगितलं होतं त्याच सुरात त्यांनी हे सांगितलं. "पाच ते सहा मी खेळतो."

"पण तो भेटायला येत नाही, हे त्यांना...?"

"दोघांचा अबोला होता. त्याने नोकरी सोडली तेव्हापासून तिच्या खोलीत पाऊल टाकायचा नाही. फक्त हा आवाज जायचा. तो अबोला तेवढा मी चालू ठेवलाय."

"रेकॉर्ड करून लावायचं ना, काका."

"लावलं होतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, हा रोज एकाच जागी कसा हरतो?"

दुरुस्तीवालीला काय वाटलं? खरं सांगायचं तर काहीच नाही. हातात पट्टी होती आणि घड्याळात पावणेपाच. तिने एक पट्टी बाजूला ठेवली आणि दुसरी एकटीच बसवली. एकच बीप. पडदा उजळला. दोनातली एक मेलेली होती, एवढंच.

"आठ जीबीवर चालेल. दुसरी मी बदलून आणते."

काका खुर्चीत बसले. कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "जाताना तिला सांगाल का, त्याचं मशीन नीट झालं म्हणून? परक्या माणसाने सांगितलं की खरं वाटतं."

ती शेजारच्या खोलीत गेली. पलंग भिंतीला लावलेला होता. काकू भिंतीकडे कान करून पडल्या होत्या.

"काकू, झालं हो तुमच्या मुलाचं मशीन."

"झालं? बसा जरा."

बरोबर पाच वाजता भिंतीतून गोळीबार सुरू झाला. स्वच्छ, एकदाही न तुटता. दुरुस्तीवालीचा जीव भांड्यात पडला. पण भिंत पातळ होती. गोळ्यांच्या मधून कीबोर्डही ऐकू येत होता: एक बोट, थांबून थांबून, जागा शोधत. मग खोकला आला. म्हाताऱ्या माणसाचा, दाबून धरलेला आणि तरीही सुटलेला.

तिने घाईघाईने विचारलं, "औषधं वेळेवर घेता ना, काकू?"

काकूंनी चांगला हात उचलला, मुठीने भिंत ठोकली आणि ओरडल्या, "पुरे झाला तो धुडगूस! बापाचा तरी विचार कर!"

पलीकडे कीबोर्ड क्षणभर थांबला. मग गोळीबार आणखी जोरात सुरू झाला.

काकूंनी हात पांघरुणात घेतला.

"रोज एकदा ओरडावं लागतं," त्या हळूच म्हणाल्या. "नाहीतर ह्यांना वाटेल, मला कळलंय."