गाळीव प्रत

"यंत्रानं लिहिलेले मेसेज गाळू ना, काका?" छपाईच्या दुकानातल्या शिरीननं विचारलं होतं.

"गाळा की! आमच्या घरात कोण यंत्राकडून लिहून घेतंय?" अनंतराव किरपेकर हसले होते. सहस्रचंद्रदर्शनाला मुलं येतील, तेव्हा घरच्या ग्रुपवरच्या इतक्या वर्षांच्या गप्पा पुस्तक करून त्यांच्या हातात ठेवायच्या होत्या.

आज पुस्तक मिळालं, तर अगदीच पातळ. पानोपानी ते एकटेच बोलत होते. मेघनाचे रुसवे नव्हते, सलीलचे विनोद नव्हते, रोजचं 'बाबा, जेवलात?'सुद्धा नव्हतं.

"काही राहिलं तर नाही ना?"

शिरीननं मान खाली घातली. "माणसांचं सगळं घेतलंय, काका."

सलीलचा एकच मेसेज सापडला, अगदी सुरुवातीचा: 'बाबा, आपल्याऐवजी यंत्रानं उत्तरं द्यावीत, असं फोनमध्ये कसं करायचं?' ऑफिससाठी विचारत असेल, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. टेलिफोन खात्यात जन्म गेलेला माणूस. हौसेनं, समजावून समजावून पानभर उत्तर लिहिलं होतं. शेवटी, 'जमलं का ते कळव.'

त्यावर लगेच 'जमलं, बाबा!' असं आल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं.

पुस्तकात ते नव्हतं.