वीस तासांची सोबत

"घरात तुम्ही एकटेच असता ना, चाचा?"

मांडवीतलं हे आठवं घर. कॉलेजात एनएसएसच्या सरांनी आरोहीला वीस तासांचं काम दिलं होतं: एकट्या राहणाऱ्या वृद्धाला सोबत. आधीची सातही घरं सुनानातवंडांनी भरलेली निघाली. खेडहून येऊन होस्टेलवर राहणारी ही मुलगी आता रडायच्या बेतात होती.

पायरीवर बसलेल्या गनीचाचांनी तिच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"एकटाच," ते म्हणाले. "पण आज नको, बाय. शनिवारी ये. घर आवरून ठेवतो."

तेव्हापासून दर शनिवारी दोन तास आरोही यायची. पेपर वाचून दाखवायची, मोबाईल शिकवायची. चाचा जहाजावरच्या नोकरीतल्या गोष्टी सांगायचे आणि मध्येच खिडकीबाहेर डोकवायचे. 'माणसांची वाट बघतात,' असं तिने अहवालात लिहिलं.

जेवण मात्र फक्कड असायचं. तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण.

"तुम्ही केलंत?"

"मग कोण करणार?" म्हणत चाचा मीठ आणायला आत गेले. बरीच भांडी वाजली. शेवटी ते हात हलवत परत आले. "संपलं वाटतं."

आरोहीला भरून आलं. पुढच्या शनिवारी तिने मिठाची पिशवी आणली.

दहाव्या शनिवारी तास पुरे झाले. चाचांनी तिच्या फॉर्मवर सही केली, पण तिचा पाय निघेना. होस्टेलवर शनिवार तिलाही खायला उठायचा.

"चाचा, मी सरांना सांगून टाकलंय. आता वर्षभर येणार. तुम्हाला एकटं नाही टाकणार."

चाचांनी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. गहिवरले बिचारे, असं तिला वाटलं.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. कमरेवर हात ठेवून एक वयस्क बाई उभी होती. तिच्यामागे दोन सुना आणि पाच पोरं.

"ये गो बाय, खुशाल ये," बाई म्हणाली. "पण दर शनिवारी आम्ही आठ जणांनी शेजारच्या पडवीत किती बसायचं? माझ्या नवऱ्याला सोबत करायची, तर आता आम्हा सगळ्यांदेखत कर!"