सांभाळून घेणं

“‘पुट अप विथ’चं फ्रेंच कर,” सून म्हणाली, आणि नात तिच्या खांद्याला आणखीच चिकटली. मेथी निवडणाऱ्या चंद्राक्कांच्या पोटात दुखलं. एरवी शाळेतून आली की ही पोरगी त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसायची. फ्रेंच शिरलं घरात आणि आजी झाली परकी.

“काय गं ते पुटपुट?” त्यांनी खोचकपणे विचारलं.

“आजी, पुट म्हणजे ठेवणं, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सोबत.”

“मग माळ्यावर ठेवायचं म्हण की!”

“तसं नाही. तिन्ही मिळून अर्थच बदलतो, सांभाळून घेणं. फ्रेंचमध्ये एकच क्रियापद, सुपोर्ते.”

“मग कर बघू त्याचं वाक्य. आधी मराठीत. मलाही कळू दे तुझी आई काय शिकवते ते.”

नात उत्साहाने म्हणाली, “आई आजीला सांभाळून घेते.”

सुनेने जीभ चावली. चंद्राक्कांनी मेथीची जुडी परातीत आपटली. घराचा डोलारा पेलला त्यांनी, आणि सांभाळून घेते ही!

“आणि आजी आईला? तेही लिही की!”

सुनेला हसू फुटलं. “लिही गं. क्रियापद तेच येईल.”